तुम्ही विचारलंत म्हणून: नाताळला आधी वाचन का?

दर डिसेंबरात कोणीतरी विचारतंच. कधी मेहुणी, कधी मुलीच्या मैत्रिणीची आई, कधी मंडळीतलाच, म्हणजे आमच्या चर्चमधलाच, एखादा तरुण. शब्द वेगळे असतात, रोख तोच. सणाच्या दिवशीसुद्धा तुमच्याकडे आधी उपासना, मग घरी बायबलमधल्या येशूजन्माच्या गोष्टीचं वाचन, मग प्रार्थना, आणि एवढं सगळं झाल्यावर कुठे भेटी उघडायच्या. लहान मुलांना ताटकळत ठेवून काय मिळवता? मजा करा की! देवधर्माला अख्खं वर्ष पडलंय.

आजवर हसून वेळ मारून नेली. यंदा लिहूनच टाकतो.

आधी गैरसमज काढतो. आमच्याकडे झाड असतं, दिवे असतात, भेटीही असतात. झाड 24 तारखेच्या संध्याकाळी लागतं, कारण त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे वाट पाहण्याचे. सांताक्लॉज भेटी आणतो असं मात्र मुलीला कधी सांगितलं नाही. ज्याच्यावरून सांता आला तो मिराचा बिशप निकोलस सांगितला. चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातला. गरीब बापाच्या तीन मुलींसाठी रात्री गुपचूप सोनं टाकून जाणारा, अशी त्याची दंतकथा आहे. मुलीला ती फार आवडायची. तेव्हा ‘पोरीचं बालपण हिरावलं’ हा आरोप मला मान्य नाही.

दुसरा आरोप जरा अभ्यासू मंडळींचा. 25 डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये आहे कुठे? नाही. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चौघांपैकी लूकने दिली नाही, मत्तयने दिली नाही. मार्क आणि योहान यांनी तर जन्माची गोष्टच सांगितली नाही. रोममध्ये 25 डिसेंबरला हा सण पाळल्याची जुन्यात जुनी नोंद 336 सालची, म्हणजे प्रेषितांचा काळ उलटून कितीतरी पिढ्या गेल्यावरची. आर्मेनियन मंडळी आजही 6 जानेवारीला जन्मोत्सव करते, रशियन ऑर्थोडॉक्स 7 जानेवारीला. तारीख पवित्र आहे असं मी कधी म्हटलंच नाही. दिवस कुठलाही घ्या, त्या दिवशी सगळ्यात आधी काय करायचं एवढंच माझं म्हणणं आहे.

विशीत मात्र मी याहून बराच कडवा होतो, हे जुने मित्र सांगतीलच. तरुण संघात उभं राहून मी झाडाविरुद्ध तावातावाने बोललो होतो. इंग्लंडच्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांच्या, पार्लमेंटने 1647 मध्ये नाताळच बंद केला, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 पासून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, हे मी फुशारकीने सांगायचो. तो दंडाचा कायदा 1681 मध्ये मागे घ्यावा लागला, हे सांगायचो नाही. त्याच सुमारास कोणीतरी मला असिसीच्या फ्रान्सिसबद्दल, त्या इटालियन संताबद्दल, विचारलं. त्याने 1223 मध्ये ग्रेच्चो गावात खरं गवत, खरा बैल, खरं गाढव आणून येशूजन्माची गव्हाणी उभी केली आणि तिथेच मिस्सा, म्हणजे उपासना, झाली. मी म्हणालो, तमाशा. लूकच्या गोष्टीत बैल नाही आणि गाढवही नाही, हेही ठणकावून सांगितलं. ते खरंच नाहीत. पण ज्याने सणच काढून टाकला त्याच्यापुढे मध्यभागी काय ठेवायचं हा प्रश्नच उरत नाही. फ्रान्सिसपुढे तो होता. आज मला त्या विशीतल्या पोराशी वाद घालावासा वाटतो, आणि तो अजूनही अधूनमधून जिंकतो. डिसेंबरची दुकानं पाहिली की तर हमखास.

आता खरं कारण. हे मेहुणीला माहीत आहे, कारण ती तिथे होती. बाकीच्यांना नाही.

मुलगी सहा वर्षांची होती. बायकोला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. नोव्हेंबरच्या अखेरीस, नववा महिना लागलेला असताना, बाळाची हालचाल थांबली. मुलगा होता. नाव ठरलं होतं, ते इथे लिहीत नाही. बाळ गेलं तरी शरीराला ते कळत नाही. तिला दूध आलं. गोळ्या घेऊनही ते आटायला वेळ लागला. ती न्हाणीघरात दार लावून बसायची आणि मी बाहेर टॉवेल धरून उभा असायचो. घरी येणारी माणसं म्हणायची, देवाची इच्छा. मी त्यांना पाणी द्यायचो.

मग नाताळ आला. घरचं वाचन एका वर्षी मी करायचो, एका वर्षी ती. त्या वर्षी तिची पाळी होती. मी वाचतो म्हणालो, तर म्हणाली, नको. मेहुणी आमच्याकडे राहायला आलेली होती. मुलगी भेटीच्या खोक्याजवळ मांडी घालून बसली होती. बायकोने लूकचा दुसरा अध्याय काढला. कैसर औगुस्त, नावनिशी, दाविदाचं गाव, सगळं नीट वाचलं. सहाव्या वचनाशी, मरीयेचे दिवस भरले तिथे, थांबली. तेच वचन पुन्हा एकदा हळू वाचलं. मग पुस्तक उघडंच खुर्चीवर ठेवलं आणि आत निघून गेली.

मेहुणी तिच्यामागे उठली. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मग झालं का बाळ?”

मी पुस्तक उचललं आणि सातवं वचन वाचलं. बाळ झालं, त्याला बाळंत्यात गुंडाळलं, गव्हाणीत ठेवलं. पुढेही वाचत राहिलो. मेहुणी दारात येऊन म्हणाली, “भाऊजी, पुरे आता. आत तिला सगळं ऐकू येतंय.” मी थांबलो नाही. मेंढपाळ आले, त्यांनी बाळ पाहिलं, देवाचं गौरव करत परत गेले, विसावं वचन संपलं, तेव्हा पुस्तक मिटलं. प्रार्थना केली नाही. मुलीने खोका उघडला, त्यात रंग होते. तिने लगेच चित्र काढायला घेतलं.

हे ऐकून काही जण म्हणतील, केवढा विश्वास! कृपा करून म्हणू नका. त्या दिवशी माझ्यापाशी विश्वास नावाला नव्हता. आवाज स्थिर होता तो रागामुळे. पोरीने प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर पुढच्याच ओळीत होतं, म्हणून सातवं वचन वाचलं, इथपर्यंत मी स्वतःचा बचाव करू शकतो. पण उत्तर सातव्या वचनात संपलं होतं. पुढची तेरा वचनं कोणासाठी वाचली, ते मला नीट सांगता येत नाही.

बायकोने यावर दोन गोष्टी सांगितल्या आहेत, वेगवेगळ्या वेळी. एकदा म्हणाली, आत पडल्यापडल्या तुझा आवाज ऐकत होते आणि इतका तिरस्कार मला कधी कोणाचा वाटला नव्हता. दुसऱ्यांदा म्हणाली, तू सहाव्या वचनावर थांबला असतास तर मी अजून तिथेच असते. यातलं खरं कुठलं, असं मी विचारलं. म्हणाली, दोन्ही.

त्याच आठवड्यात, 28 तारखेला, तिने स्वतः मत्तयचा दुसरा अध्याय काढला. पश्चिमी मंडळीच्या दिनदर्शिकेत तो दिवस बाळ येशूला संपवायला हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांचा. त्याच्या दोन दिवस आधी, 26 ला, दगडमार होऊन मेलेला पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन. वधस्तंभ पुढे वसंतात यायचा असतो, पण इथे नाताळचे दिवे उतरायच्या आत रक्त आहे. त्या मारलेल्या बालकांच्या गोष्टीत राहेल, इस्राएलची पूर्वज आई, मुलांसाठी रडते आणि सांत्वन करून घेत नाही, ते वचन तिने मोठ्याने वाचलं. म्हणाली, हिला तरी कोणी गप्प करत नाहीये. बास, एवढंच. चर्चमध्ये ती ईस्टरपर्यंत आली नाही, आणि मीही आग्रह केला नाही.

‘मजा करा’ म्हणणाऱ्यांना मला हेच विचारायचं असतं: मजा करता येत नाही त्या वर्षी काय करायचं? त्या वर्षी झाडाकडे बघवत नव्हतं, कारण झाडापुढे आनंदी दिसावं लागतं. गोष्टीत तशी अट नव्हती. तिच्यात हेरोद आहे, आणि तुझ्या जिवातून तलवार जाईल असं बाळाच्या आईला मंदिरात सांगणारा म्हातारा शिमोनही आहे. त्यात आमची जागा होती. अर्थात, मध्यभागी बाळ होतं म्हणूनच तो दिवस इतका असह्य झाला, हेही तितकंच खरं. नुसतं झाड आणि भेटी असत्या तर बायकोला उठून आत जावं लागलं नसतं. मेहुणीचा मुद्दा हाच आहे, आणि तो मला आजतागायत खोडता आलेला नाही.

मुलगी आता मोठी झाली. परवा म्हणाली, बाबा, लहानपणी मला त्या मेंढपाळांचा फार राग यायचा, किती वेळ लावायचे! स्वतःच्या घरी ती एक डिसेंबरलाच झाड लावणार आहे म्हणे. लाव म्हटलं. वाचन ठेवशील का, हे मी विचारलं नाही. मेहुणीने विचारलं. मुलगी म्हणाली, “बघू. पण पाळी लावायची नाही. ज्याला जमेल तो वाचेल.”