तुम्ही विचारलंत म्हणून: पाळणाघर काढायला कोणता कोर्स लागतो?

"मॅडम, डे-केअर काढायचंय, कोणता कोर्स करू?" हा प्रश्न मला सारखा येतो. इथे नागपुरात मनीषनगरातून येतो, बेस्याहून येतो. मध्यंतरी बुटीबोरीच्या एका कंपनीतल्या एचआरच्या मुलीनेही विचारला. बहुतेकींकडे एक मोकळी खोली असते, मुलांची आवड असते आणि डिग्री भलत्याच विषयातली असते. फोनवर दोन मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आधी एक गंमत ऐका. मी माझं पाळणाघर सुरू केलं तेव्हा माझं शिक्षण कुणीही विचारलं नाही. आमच्याच गल्लीत डबे करणाऱ्या ताईंना अन्नसुरक्षेची नोंदणी काढावी लागली होती. मी मात्र लोकांची वर्षा-दीड वर्षाची पोरं दिवसभर ठेवून घेणार होते, आणि मला फक्त भाडेकरार आणि पाटीचा रंगारी लागला. एक मामेबहीण अमेरिकेत हेच काम करते, तिला हे खरंच वाटत नव्हतं. त्यांच्याकडे सीडीए नावाचं प्रमाणपत्र आहे. त्यासाठी १२० तासांचं प्रशिक्षण, मुलांसोबत ४८० तास काम, आणि दर ३ वर्षांनी नूतनीकरण. वर केंद्रप्रमुखासाठी प्रत्येक राज्याचे वेगळे नियम. ती म्हणाली, "मग तुला अडवलं कोणी?" कोणीच नाही. अडचण तीच आहे.

आपल्याकडे अटी नाहीत असं नाही, पण त्या सरकारी योजनांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या वाट्याला आहेत. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत, जिचं आता 'पालना' झालंय, सेविका बारावी आणि मदतनीस दहावी झालेली लागते. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केलीच पाहिजे, असं मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आलं. आईला दिवसातून ४ वेळा बाळाकडे जाता येतं, हेही त्यातच आलं. बुटीबोरीच्या मुलीचा फोन त्यामुळेच होता. मुलांमागे माणसं किती, याचं उत्तर २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन धोरणात मिळतं: ३ वर्षांखालच्या १० मुलांमागे एक मोठं माणूस, ३ ते ६ च्या २० मुलांमागे एक. मी यापेक्षा जास्त माणसं ठेवते. दहा रांगती मुलं आणि एक बाई हा हिशेब ज्याने कागदावर मांडला, त्याने एकदा त्या दहांना दुपारी झोपवून दाखवावं.

आता कोर्स. नर्सरी चालवायची असेल तर बारावीनंतरचा दोन वर्षांचा पूर्वप्राथमिक शिक्षणाचा डिप्लोमा आहे. गृहविज्ञानात मानव विकास घेतलेल्या मुली आपल्या एल.ए.डी. कॉलेजातून निघतात, त्यांचा पाया पक्का असतो. पण घर सांभाळून, नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर मी इग्नू या मुक्त विद्यापीठाचा लहान मुलांच्या संगोपन-शिक्षणाचा डिप्लोमा (डीईसीई) सांगते. बारावी पुरते, कमीत कमी एक वर्ष, आणि संसारात बुडालात तर त्याहून जास्त वेळ घ्यायची मुभा. नागपुरात त्यांचं विभागीय केंद्र आहे. मी तोच केला. त्यातलं पहिलं पुस्तकच बालसेवा कशा उभ्या करायच्या यावर आहे, दुसरं आरोग्य आणि आहारावर, तिसरं विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या सेवांवर, आणि शेवटी प्रकल्प. चालवणाऱ्या बाईला जे लागतं ते त्यात आहे. गाणी, चिकटकाम, फुगे आणि शेवटी फोटो, अशी वीकेंडची वर्कशॉप मी करू नका म्हणत नाही. पण त्या सर्टिफिकेटची फ्रेम भिंतीवर लावून पालकांना दाखवू नका.

"पोरं वाढवायला कॉलेज लागते का बाप्पा?" असं माझ्या सासूबाईंच्या मैत्रिणी म्हणायच्या. पोरं वाढवायला नसेल लागत. परक्यांची पोरं, पगारी माणसांकडून, रोज नऊ तास वाढवून घ्यायला लागतं. त्यात मुलांपेक्षा मोठ्या माणसांशीच जास्त गाठ पडते.

प्रमुखाने सगळ्यात आधी कायदा वाचावा, आणि तो पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा. २०१२ चा आहे. अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणं कलम १९ नुसार बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. पण संस्था चालवणाऱ्याने हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही, तर ती एक वर्षापर्यंत जाते, वर दंड. म्हणजे "मला काय माहीत, मी तेव्हा बँकेत होते" हे पाटीवर नाव असलेल्या बाईला बोलता येत नाही. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं अत्याचाराचं प्रकरण घडल्यावर कित्येकींनी कॅमेरे बसवले. मीही बसवले. पण कॅमेरा मावशीला काही शिकवत नाही. बाळाचं लंगोट कुठे बदलायचं, दार किती उघडं ठेवायचं, मूल अचानक एखाद्या माणसाला घाबरायला लागलं तर मला कधी सांगायचं (उत्तर: त्याच दिवशी), हे बसून, पुन्हा पुन्हा बोलावं लागतं. पोलीस व्हेरिफिकेशन झाल्याशिवाय कुणी आत नाही, ड्रायव्हरसुद्धा नाही. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर दारामागे लिहिलेला आहे.

दुसरं, संध्याकाळचं दार. आमच्याकडे प्रत्येक मुलाला घ्यायला येणाऱ्यांची नावं आणि फोटो असलेली वही आहे. ही वही कुणीही बनवेल. गेटवर पांढऱ्या केसांचे, इस्त्रीच्या शर्टातले आजोबा उभे आहेत, नातू त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवतोय, आणि त्यांचं नाव वहीत नाही, अशा वेळी विशीतल्या ताईने "बसा काका, मी आईला फोन लावते" म्हणायचं, हे शिकवावं लागतं. म्हणून आम्ही नाटक करतो. मी रागावलेले आजोबा बनते. आवाज चढवते, "तुझ्या मॅडमला ओळखतो मी" म्हणते, अगदी वर्ध्याहून आल्याची तिकिटं दाखवते. नव्या मुली पहिल्यांदा दार उघडतात. मग हसतात, मग पुन्हा करतो. घरं मोडण्याच्या वाटेवर असतात तेव्हा मूल न्यायला कोण येईल सांगता येत नाही, आणि आपल्याला कुणाची बाजू घ्यायची नसते.

तिसरं प्रथमोपचार, आणि ते दरवर्षी. एकदा शिकलेलं राहत नाही, शिवाय मावश्या बदलतात. बर्डीच्या बाजारातून आणलेली एक मोठी बाहुली आहे, तिच्यावर सराव. वर्षाखालच्या बाळाच्या घशात काही अडकलं आणि त्याला रडता-खोकता येत नसेल, तर हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर ५ थापा, मग उताणं करून छातीवर ५ दाब. मोठ्यांसारखं पोट दाबायचं नाही. तापात झटका आला तर कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, ५ मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स. इथे दरवर्षी कुणीतरी मान हलवतं. "पण बाई, आमच्याकडं तं चप्पलच हुंगवते, नाहीतर कांदा." मी वाद घालत नाही. आमचे बालरोगतज्ज्ञ येतात तेव्हा हाच प्रश्न त्यांनाच विचारायला लावते. डॉक्टरांनी तोंडाने "नको" म्हटलेलं मावशींना पटतं, माझ्या डिप्लोम्याने पटत नाही.

आणि नागपूरचा उन्हाळा. हा कुठल्याच कोर्समध्ये नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा कूलरशिवाय मुलं ठेवता येत नाहीत, आणि कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. लोखंडी टाकी, आत पाणी, खाली ओली फरशी, आणि अर्थिंग बघितलंय कोणी? माझ्याकडे कूलर खिडकीबाहेर, प्लास्टिक बॉडीचा. होळीच्या आधी इलेक्ट्रिशियन अर्थिंग तपासून जातो. पाणी भरताना प्लग काढलेला, आणि प्लग काढणारी एकच ठरलेली व्यक्ती. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करतो, नाहीतर आपणच डेंग्यूचे डास पाळतो. कोणतं मूल सकाळपासून किती प्यायलं आणि सूला कधी गेलं, हे उन्हाळ्यात वहीत लिहितो. सू कमी झाली की पालकांना फोन. आई ओपीडीत असेल, मीटिंगमध्ये असेल, तरी फोन.

हिशेब, पगार, उशिरा येणारे पालक, ताप असलेलं मूल क्रोसिन देऊन सोडून जाणारे पालक, हे मी इथे काढत नाही. त्याचे नियम पहिल्याच दिवशी लिहून सही घ्या, एवढंच.

तर कोर्स कोणता? इग्नूचा फॉर्म भरा. पण त्याआधी एखाद्या चालत्या पाळणाघरात महिनाभर काम करून या, बिनपगारी मिळालं तरी. माझ्याकडे आलात तरी चालेल. फक्त डिसेंबरात येऊ नका, तेव्हा सगळी मुलं गोड असतात आणि स्वेटरात छान दिसतात. मेमध्ये या, दुपारी बारा ते चार.