मुंबई ते न्यूयॉर्क: किलोमीटर एक, तास दोन प्रकारचे

मुंबई ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ हे अंतर साधारण 12,530 किलोमीटर. पण हे मोजायचं कुठून, इथेच पहिला घोळ होतो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, सहारा करत अटलांटिकमध्ये उतरते आणि त्या वाटेनं 14,200 किलोमीटर भरतात. त्यापेक्षा घरातला पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर दाबा आणि ताणा. दोरा आपसूक उत्तरेला सरकतो: रशिया, फिनलंड, आइसलंड, ग्रीनलंडच्या टोकाखालून कॅनडा. गोलाचा व्यास 30 सेंटिमीटर असेल तर 1 सेंटिमीटर म्हणजे 425 किलोमीटर; दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरायला हवा. जास्त भरला तर तो कुठेतरी सैल आहे.

विमान मात्र नेमकं त्या दोऱ्यावरून जात नाही. दोरा सुरुवातीलाच पाकिस्तान आणि अफगाणिस्तानवरून जातो. पाकिस्ताननं 2019 च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा 2025 च्या एप्रिलमध्ये हवाई हद्द बंद केली, तसा भारतीय कंपन्यांना अरबी समुद्रावरून वळसा पडला. अमेरिकी कंपन्यांना 2022 पासून रशियाची हद्द बंद आहे.

आता वेळ. विमानाचा वेग ताशी 900 धरून भागाकार केला की 14 तास येतात. अंतर मोजणाऱ्या बऱ्याच वेबसाइट हाच आकडा दाखवतात आणि लोक त्यावर विसंबतात. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग नाही, वळसा नाही, वारा तर नाहीच. दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. म्हणून थेट विमानाला जाताना सोळाच्या आसपास तास लागतात, येताना साडेचौदाच्या.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. जानेवारीत पहाटे 2 ला निघून त्याच दिवशी सकाळी साडेसातला पोहोचलात, तर घड्याळात फरक साडेपाच तासांचा. न्यूयॉर्कचं घड्याळ तेव्हा मुंबईच्या साडेदहा तास मागे असतं, म्हणून त्यात साडेदहा मिळवा, 16 झाले. परतताना दुपारी 12 ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी 1 ला उतरलात, तर 25 मधून साडेदहा वजा करा: साडेचौदा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्कची घड्याळं तासभर पुढे केलेली असतात, तेव्हा साडेदहाच्या जागी साडेनऊ घ्यायचे. विमानतळावर आणायला येणाऱ्या नातेवाइकाचा तासाभराचा घोळ बहुधा इथलाच.

आणि दुबईमार्गे गेलं म्हणजे फार लांबून गेलं, असं मुळीच नाही. मुंबई-दुबई सुमारे 1,930 आणि दुबई-जेएफके सुमारे 11,020 किलोमीटर; थेट वाटेपेक्षा जेमतेम चारशे जास्त. वेळ जातो तो दुबईत पुढच्या विमानाची वाट बघत बसण्यात. तिकीट घेताना बघायचे ते तिथले तास.