तुम्ही विचारलंत म्हणून: चर्चमध्ये वहीत काय लिहितो

तरुण संघातली पोरं विचारतात, महिला मंडळातल्या काकू माझ्या मिसेसला गाठून विचारतात, गेल्या महिन्यात तर एका पाहुण्यांनी चहा पिता पिता सगळ्यांसमोर विचारलं, "उपासना चालू असताना खिशातनं वही काढून तुम्ही काय लिहिता हो?" त्याच्या मागचा प्रश्न पण मला कळतो, हा माणूस देवाच्या घरात बसून धंद्याचा हिशोब मांडतोय का. तर एकदाच नीट सांगतो.

हिशोब मांडत नाही. पण त्या वहीत हिशोबाचे शब्द असतात, हे पण खरं आहे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं शॉप आहे, दोन लेथ आणि एक सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन), पंपाची बुश (आत बसणारी धातूची छोटी नळी) आणि तसली जॉबची कामं. आमच्याकडं सुट्टी सोमवारी. म्हणजे तुमचा रविवार हा माझ्या पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, माझ्या कामगारांचा, सगळ्यांचा कामाचा दिवस. मी साडेआठला बाकावर बसतो तेव्हा तिकडं मशीन चालू झालेलं असतं आणि अर्धं डोकं तिथंच असतं. हे कारण म्हणून सांगत नाही, पण ज्यांना रविवारी खरीच सुट्टी असते त्यांनी "मन लावायचं की हो" एवढं सहज म्हणू नये असं मला वाटतं.

पूर्वी मीच असं म्हणायचो. संडे स्कूलला शिकवत होतो तेव्हा पोरांना सांगायचो, पहाटे चारला उठा, एक तास गुडघ्यावर बसा, मन भरकटलं म्हणजे प्रीती कमी पडली. गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करत होता आणि शिष्य झोपले तो धडा मी फार जोरात शिकवायचो. आज त्या माणसाशी बोलायला मिळालं तर विचारीन, त्या तासातली किती मिनिटं तू खरंच देवाजवळ होतास रे? पण तो निदान उठत तरी होता, मी आता चारला उठत नाही, हेही आहेच.

वहीचं कारण एकच दिवस आहे. सहा वर्षं झाली.

शनिवारी संध्याकाळी एका पार्टीनं २४० बुशचा लॉट परत पाठवला. बोअर, म्हणजे आतलं भोक, पन्नास मायक्रॉन मोठं, प्लग गेजचा नो-गो (मापाचं जे टोक आत जायला नको ते) सरळ आत जात होता. चूक आमचीच, मशीनमधला मापाचा ऑफसेट बदलला होता आणि मधले पीस कुणी तपासले नव्हते. रात्रभर झोप नाही. आणि दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाचा रविवार (येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायचा विधी), त्यातही माझ्या मुलाचं दृढीकरण, म्हणजे स्वतः विश्वास कबूल करायचा विधी, आदल्या आठवड्यात झालेलं, म्हणजे त्याचं पहिलं प्रभुभोजन. आईनं त्याच्यासाठी पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. तो माझ्या शेजारी बसला, मिसेस पलीकडं.

पाळकसाहेबांनी बायबलातलं करिंथकरांना लिहिलेलं पत्र वाचलं, माणसानं आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. मी ऐकलं, म्हणजे कानावर पडलं. ब्रेडचा तो चौकोनी तुकडा हातात आला आणि मी डोळे मिटले आणि डोळ्यांपुढं बुश. स्लीव्ह घालून रिवर्क होईल का, एका पीसला किती पडेल, मटेरियल गेलं ते गेलंच, सोमवारी शॉप उघडायचं का, पार्टीला आधी फोन करायचा का तोंड घेऊन स्वतः जायचं. आणि माझा अंगठा आणि बोट त्या तुकड्यावरनं फिरत होतं, जसं आम्ही फिनिश बघायला बोअरमधनं बोट फिरवतो तसं. गोळी झाली त्याची. ती गोळी मी तोंडात टाकली. मग प्याला आला. तो मी कधी प्यालो ते मला आजही आठवत नाही, रिकामा प्याला ट्रेमध्ये ठेवताना काचेचा आवाज झाला तेव्हा मी जागा झालो.

आणि बघतो तर मुलगा भरलेला प्याला धरून माझ्याकडं बघत बसलाय. त्याला मी सांगून ठेवलं होतं, माझ्याकडं बघ, मी घेईन तेव्हा घे. मी कधी घेतलं ते त्याला कळलंच नव्हतं, सगळ्यांचं झालं, ट्रे समोर आला, त्यानं घाईघाईनं तोंडाला लावला, शर्टावर एक थेंब पडला.

घरी येताना गाडीवर मागनं विचारतो, "पप्पा, तुम्ही डोळे मिटून काय मागितलं?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी मागितलं."

प्रभुभोजन घेऊन अर्धा तास झाला नव्हता.

गेल्या वर्षी तो पुण्याहून आला होता तेव्हा मी त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. तुम्ही ब्रेड बोटात फिरवत होता." एवढंच. मग जेवायला बसलो.

तर वही. मनात जे येईल ते एका शब्दात लिहायचं, "लाईट बिल", "आईचा गुडघा", "बुश", आणि मनात एवढंच म्हणायचं, प्रभू, हे तुझ्याकडं, आणि परत मान वर करायची. रात्री कौटुंबिक प्रार्थनेत ते शब्द एकेक करून मोठ्यानं वाचतो. दाबून ठेवलेला विचार तिप्पट जोरानं येतो हे मी त्या दिवशी बघितलंय.

आधार विचाराल तर बायबलातला नहेम्या. राजाला द्राक्षारस देणारा माणूस, राजानं विचारलं तुला काय पाहिजे, आणि तो म्हणतो, मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो. प्रश्न आणि उत्तराच्या मधे प्रार्थना, कामावर उभ्या उभ्या. आणि सतराव्या शतकातले पॅरिसच्या मठातले ब्रदर लॉरेन्स, स्वयंपाकघरात राबले, पुढं मठातल्यांच्या चपला शिवल्या (आपल्या कोल्हापूरकरांना हे जवळचं वाटेल). कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ त्यांना वेगळी वाटत नव्हती. पण सुरुवातीला ठरलेल्या प्रार्थनेत पुष्कळदा आपण नुसते विचार हाकलत होतो आणि परत त्यातच पडत होतो, असंही त्यांनीच कबूल केलंय. हे वाचून मला रडू आलं होतं.

पण मिसेसचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मला खोडता येत नाही. ती म्हणते, नहेम्याची ती एका श्वासाची प्रार्थना खरी, पण त्याच्या आधी किसलेवपासून नीसानपर्यंत (हे यहुदी महिने) चार महिने तो रडत, उपास करत देवापुढं बसला होता, ते तुम्ही सोयीनं सोडून देता. आणि वही काढली की तुमचं लक्ष वहीतच जातं, मी शेजारी बसून बघते. पाळकसाहेब म्हणाले चालू दे, पण प्रभुभोजनाच्या वेळी वही बंद. ते मी पाळतो. त्या वेळी दोन्ही हात मोकळे ठेवतो आणि भाकर तळहातावर सपाट धरतो, बोटात नाही.

परवाच्या रविवारी चार शब्द लिहिले. चौथा लिहीत होतो तेव्हा कुठला शास्त्रपाठ चालू होता ते रात्री मिसेसला विचारावं लागलं.