गियर तेल: मिनेसोटाची थंडी, वरुडचं ऊन अन् पिकअपचं हाऊसिंग

राजेहो, यावेळी बर्फाचे फोटो नाही टाकत, थेट तेलातुपाच्या गोष्टी, म्हणजे तुपाच्या नाही, गियर तेलाच्या. इकडे मिनेसोटात जानेवारीत पारा उणे 30 च्या आसपास जातो, तेव्हा बऱ्याच गाड्यांच्या तोंडातून वायर लटकलेली दिसते, रात्रभर इंजिनाचा हीटर प्लगला लावून ठेवतात. पण हीटर इंजिनाला, मागच्या हाऊसिंगले, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधातल्या गियरच्या लोखंडी पेटीले, कोण विचारते? त्यातलं तेल थिजून काकवीसारखं होते अन् सकाळी पिकअप काढली की पहिला काही वेळ हँडब्रेक ओढल्यासारखी जड चालते. म्हणून इकडे लोक मागच्या डिफरेन्शियलमध्ये, म्हणजे त्याच पेटीतल्या गियरमध्ये, थंडीतही वाहणारं 75डब्ल्यू-90 सिंथेटिक टाकतात (नंबरांचा अर्थ पुढे सांगतो), शौक म्हणून नाही, गरज म्हणून.

अन् मजुरी इतकी महाग की आपल्या घरापुढे आडवं होऊन स्वतःच तेल बदलणारे लय. मीही तेच करतो. वॉलमार्टात त्यांच्या घरच्या ब्रँडचं, सुपर टेकचं, सिंथेटिक गियर तेल मिळते, बाजूलाच मोबिल वन अन् व्हॅल्वोलिनच्या बाटल्या असतात, नावाजलेल्यांपेक्षा घरचा ब्रँड बराच स्वस्त. बाटली एका क्वार्टची, म्हणजे 946 मिली, आपल्या लिटरपेक्षा जराशी कमी, हिशोब करताना हे ध्यानात ठेवायचं नाहीतर शेवटी घोटभर तेल कमी पडते अन् पुन्हा दुकान.

स्वस्त घ्यावं की नावाचं, हा प्रश्न दादालाही पडला. आमची संत्र्याची पिकअप तोच चालवतो, वरुडहून नागपूरच्या कळमना मार्केटला. परवा फोनवर म्हणे, "अबे, तिकडचं तेल भल्लं असते म्हणते, येतानी दोन डबे घेऊन ये ना." म्हटलं दादा, तू आधी डबा उलटा करून मागचं वाच, पुढचा फोटो नको पाहू.

मागे काय वाचायचं? पहिलं म्हणजे जीएल-5 की जीएल-4, हे गियर तेलाचे दर्जे. मागच्या हाऊसिंगमध्ये पिनियन, म्हणजे इंजिनाकडून फिरणारा छोटा गियर, क्राऊनच्या, म्हणजे तो ज्याला फिरवतो त्या मोठ्या गियरच्या, मधोमध नसतो, खालच्या अंगाला सरकवलेला असतो, त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. साधं तेल तिथं चिरडून बाजूला होते, म्हणून गंधक-फॉस्फरसवालं जीएल-5 लागते, डबा उघडल्यावर जो घाण वास येतो तो त्या गंधकाचाच. आता गंमत अशी की गियरबॉक्समध्ये पितळी रिंगा असतात अन् तिथं बऱ्याच कंपन्या जीएल-4 च सांगतात, कारण काही जीएल-5 तेलं पितळेला मानवत नाहीत. आपल्याकडचा दुकानदार मात्र "90 नंबर द्या" म्हटलं की एकच डबा काढतो अन् तोच गियरबॉक्सातही जातो, हाऊसिंगमध्येही. हे बंद करा बाप्पा.

दुसरं, नंबर. 75डब्ल्यू म्हणजे उणे 40 ला तपासलेलं, 80डब्ल्यू उणे 26 ला, 85डब्ल्यू उणे 12 ला. आता सांगा, वरुडात कोणत्या थंडीत उणे 12 होते? म्हणजे पुढच्या आकड्याचे जास्तीचे पैसे आपल्यासाठी वायाच. मागचा 90 हा 100 अंशांवरचा जाडेपणा, 13.5 ते 18.5 सेंटीस्टोकच्या (जाडेपणा मोजायचं माप) मधात, अन् तो सिंथेटिकचा असो की साध्या मिनरलचा, 90 लिहिलं म्हणजे त्याच मापात. मग सिंथेटिकचा फायदा कशात? ते तापून लवकर सडत नाही, म्हणून जास्त किलोमीटर टिकते. मे महिन्यात 45 च्या उन्हात फुल लोड घेऊन परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, पण गावातून तालुक्याला अन् तालुक्यातून गावाला करणाऱ्या पिकअपला गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं साधं जीएल-5 वेळेवर बदललं तरी पुरे. महाग सिंथेटिक टाकून पाच वर्षं हाऊसिंगचा प्लगच (तेलाच्या भोकाचं बूच) न उघडणारे मी पाहिलेत, त्यांना काय म्हणावं!

स्वस्तातलं ओळखायची अजून एक खूण म्हणजे डब्यावरचा एसएई जे2360 हा गियर तेलाचा दर्जा. नुसतं जीएल-5 हे कंपनी स्वतःच छापते, जे2360 ची मंजुरी मात्र बाहेरचे लोक तपासून देतात. "या दर्ज्याच्या बरोबरीचं" असं गोलगोल लिहिलेलं वेगळं अन् "मंजूर" लिहिलेलं वेगळं, नीट वाचा. मंजूर असेल तर अनोळखी ब्रँडही मी डोळे झाकून घेतो. लिमिटेड स्लिपवालं, म्हणजे एकच चाक जागेवर फिरू न देणारं, डिफरेन्शियल असेल तर त्यासाठीचं वेगळं मिश्रण लागते, नाहीतर वळणावर मागून कुरकुर येते, पण आपल्याकडच्या मालवाहू गाड्यांत ते सहसा नसतेच. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या स्विफ्टसारख्या गाड्यांचं डिफरेन्शियल गियरबॉक्सच्या पोटातच असते, तिथं हे तेल टाकू नका. अन् तेलात बुडालेल्या ब्रेकचा ट्रॅक्टर असेल तर हे 90 नंबर बिलकुल नाही, त्याचं गियर, हायड्रॉलिक अन् ब्रेक मिळून एकच खास तेल येते, तेच.

बदलताना आधी वरचा, भरायचा प्लग खोला, मग खालचा. वरचा गंजून अडकला अन् खालून सगळं तेल सांडून बसलं की मिस्त्रीची वाट पाहत बसा मग. खालच्या प्लगवर चुंबक असेल तर त्यावर काळपट मऊ लेप दिसतो, तो चालते. नखाएवढे चकाकते तुकडे दिसले तर तेल भरायच्या आधी हाऊसिंग उघडून क्राऊन पाहा. नवीन तेल वरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत, बोट घालून लागलं की बस.

आपल्याकडचा खरा दुश्मन मात्र उन्हापेक्षा नाला. पावसाळ्यात तापलेलं हाऊसिंग घेऊन गाडी नाल्यात घातली की आतली हवा एकदम आकसते अन् वरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायचं-यायचं भोक, चिखलानं बुजलेला किंवा टोपी उडालेली असेल तर सीलातून नाहीतर त्याच भोकातून पाणी आत ओढलं जाते. मग तेल दुधी चहासारखं निघते, अन् अशा तेलात बेअरिंग गंजते, सिंथेटिक असो की सोन्याचं. म्हणून दादाला सांगितलं, पोळा झाला की ब्रीदर साफ कर, खालचा प्लग जरा ढिला करून तेलाचा रंग पाहा, दुधी दिसलं तर किलोमीटर मोजत बसू नको, आंबिया बहाराच्या संत्र्याचा माल निघायच्या आधी बदलून टाक. जुनं तेल इकडे पार्ट्सची दुकानं फुकट परत घेतात. आपल्याकडे ते कुंपणाच्या खांबांना उधईसाठी लावतात, लावा, पण विहिरीजवळ नको.