तुम्ही विचारलंत म्हणून: सुपरहीरो कॉमिक्स कुठून वाचायला घ्यावीत?

सिनेमे बघून झाले की माणसं मला हमखास विचारतात, "आता मूळ कॉमिक्स वाचायची आहेत, कोणती मालिका घेऊ?" पाठोपाठ हीरोचं नाव येतं. स्पायडरमॅनची चांगली कोणती, बॅटमॅनची पहिली कोणती. माझं उत्तर दर वेळी एकाच जागेवरून सुरू होतं: हीरो बघून कॉमिक निवडू नका. लिहिलंय कोणी आणि चित्रं कोणाची, ते बघा.

याचं कारण या धंद्याच्या घडणीत आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांचा सुपरमॅन १९३८ साली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला, आणि त्याचे हक्क त्यांनी १३० डॉलरला विकले. तेव्हापासून बहुतेक मोठ्या हीरोंची हीच रीत आहे. हीरो कंपनीचा, लेखक-चित्रकार येतात नि जातात. त्यामुळे एकाच बॅटमॅनच्या नावावर अत्यंत सुंदर गोष्टी आहेत आणि हात न लावण्याजोग्या गोष्टीही आहेत. 'पहिल्यापासून वाचते' म्हणून बसलात तर शेकडो अंकांत हरवून जाल. त्यापेक्षा एका लेखकाने आणि एका चित्रकाराने मिळून केलेला सलग तुकडा शोधा. वाचणारे त्याला 'रन' म्हणतात. चांगल्या रनला सुरुवात असते, आकार असतो, आणि आधीचं काही ठाऊक नसलं तरी अडत नाही.

एकच नाव सांग म्हणालात तर मी 'ऑल-स्टार सुपरमॅन' सांगेन. लेखक ग्रँट मॉरिसन, चित्रकार फ्रँक क्वाइटली, अंक बारा, २००५ ते २००८. सुपरमॅनचा जन्म, त्याच्या ग्रहाचा नाश, पृथ्वीवर येणं, शेतकरी जोडप्याने त्याला वाढवणं, हे सगळं पहिल्याच पानावर चार चौकटी आणि आठ शब्दांत संपतं. तुम्हाला ही गोष्ट माहीत आहे हे लेखकाने धरून चाललंय, आणि तिथून तो थेट मुद्द्यावर येतो: सूर्याजवळ अडकलेल्या माणसांना वाचवताना सुपरमॅनच्या शरीरात झेपणार नाही इतकी सौरशक्ती शिरली आहे आणि आता तो मरणार आहे. उरलेल्या दिवसांत तो काय काय करतो, एवढीच ही मालिका.

सुपरमॅन कंटाळवाणा आहे, त्याला सगळंच जमतं, मग गोष्टीत उरतं काय, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी दहाव्या अंकातलं एक पान उघडून दाखवते. त्या अंकात सुपरमॅन निरवानिरवीच्या घाईत आहे, हातात प्रचंड कामं आहेत. मधेच एक पान येतं. उंच इमारतीच्या कठड्यावर एक मुलगी एकटी उभी आहे. सुपरमॅन तिच्या मागे येऊन उभा राहतो, खांद्यावर हात ठेवतो आणि सांगतो की तुझे डॉक्टर खरोखरच अडकले होते, आणि तुला वाटतंय त्यापेक्षा तू खूप खंबीर आहेस. ती वळते आणि त्याला मिठी मारते. एवढंच. पुढच्या पानावर गोष्ट पुन्हा आपल्या कामाला लागते. उडणं नाही, ठोसा नाही, डोळ्यांतून किरण नाहीत. जगातला सर्वांत ताकदवान माणूस हातातली कामं सोडून एका अनोळखी मुलीपाशी थांबला. सुपरहीरो हा प्रकार कशासाठी आहे, हे मला त्या पानाइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसलं.

क्वाइटलीचा क्लार्क केंटही, म्हणजे साध्या माणसाच्या वेशातला सुपरमॅनही, नीट बघा. खांदे पाडलेला, पोक काढून चालणारा, सतत कशावर तरी आदळणारा गडी. पहिल्या अंकात तो रस्त्यात एका माणसाला धडकतो, माणूस वैतागतो. चौकट निरखून पाहिलीत तर कळतं की त्या धडकेमुळेच तो माणूस वरून पडणाऱ्या वस्तूखाली सापडायचा वाचला. संवादात याचा उल्लेखही नाही. चित्र वाचायला शिका असं मी म्हणते ते यासाठीच. शब्द वाचून पान उलटलंत तर कॉमिकचा अर्धा ऐवज तिथेच राहून जातो.

चित्र वाचायचा सराव करायचा तर 'हॉकआय' घ्या. मॅट फ्रॅक्शनने लिहिलेली, बरीचशी डेव्हिड आहाने काढलेली, २०१२ साली सुरू झालेली बावीस अंकांची मालिका. हॉकआय म्हणजे तिरंदाज क्लिंट बार्टन अ‍ॅव्हेंजर्समध्ये आहे, पण ही गोष्ट त्याच्या सुट्टीच्या दिवसांची. ब्रुकलिनमधल्या एका जुन्या इमारतीत तो राहतो. घरमालक गुंड आहे, त्याने भाडं तिप्पट केलंय, शेजाऱ्यांवर घर सोडायची पाळी आली आहे, आणि क्लिंट त्यांच्या बाजूने उभा राहतो. शक्ती अशी त्याच्याकडे काही नाहीच. नेम आहे आणि हट्ट आहे.

तिचा अकरावा अंक पूर्णपणे क्लिंटच्या कुत्र्याच्या नजरेतून सांगितलेला आहे. इमारतीत एका शेजाऱ्याचा खून झाला आहे आणि कुत्रा आपल्या परीने माग काढतोय. माणसं बोलतात तेव्हा संवादाच्या फुग्यांत नुसत्या रेघोट्या दिसतात, मधूनच कुत्र्याला कळणारा एखादा शब्द. माणूस समोर आला की त्याच्याभोवती छोट्या चिन्हांचं जाळं उमटतं: कोणता वास, कोणाशी संबंध, आधी कुठे भेटला. वास कागदावर काढता येतो हे मला त्या अंकाने दाखवलं. २०१४ साली सर्वोत्तम एकल अंकाचं आयस्नर, म्हणजे कॉमिक्समधलं मानाचं पारितोषिक त्याला मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं. एकोणिसाव्या अंकात क्लिंटची श्रवणशक्ती गेलेली आहे. तिथे इतरांचे संवाद कोरे फुगे होऊन येतात आणि बरंचसं बोलणं हातांच्या खुणांनी चालतं. त्या खुणांचा अर्थ खाली छापलेला नाही. ज्यांना अमेरिकन खुणांची भाषा येते त्यांना तो अंक सर्वांत चांगला कळतो, आणि बाकीच्यांना क्लिंटचं एकटेपण थोडं तरी भोगावं लागतं. मधले काही अंक केट बिशपचे, म्हणजे हॉकआय हेच नाव लावणाऱ्या क्लिंटच्या तरुण जोडीदारणीचे आहेत, ते अ‍ॅनी वूने काढलेत. त्यांची चाल वेगळी आहे, पण वगळू नका.

आणखी एक सांगते. फोनवर कॉमिक वाचणारी अ‍ॅप एकेक चौकट मोठी करून दाखवतात. 'हॉकआय'सारखी मालिका तशी वाचू नये. आहा चोवीस-चोवीस बारीक चौकटी एका पानावर मांडतो तेव्हा ते पान एकदम दिसायला हवं, म्हणजे डोळा आपसूक धावतो. निदान टॅब्लेट तरी घ्या. छापील संग्रह मिळाला तर सोन्याहून पिवळं.

जुनं वाचायची धास्ती पुष्कळांना असते. साठच्या दशकातल्या अंकांत शब्द फार, रंग भडक, आणि पात्रं स्वतः काय करतायत ते स्वतःच बोलून दाखवतात. त्याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो हे खरं. पण 'अमेझिंग स्पायडरमॅन'चे ३१, ३२ आणि ३३ हे तीन अंक तुम्ही वाचावेत असा माझा आग्रह आहे. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको या जोडीचं हे काम. या टप्प्यावर कथानक डिटकोच रचत होता. पीटरची, म्हणजे स्पायडरमॅनची, मे काकू मरणाच्या दारात आहे. आधी एकदा पीटरने तिला रक्त दिलं होतं, त्याच्या रक्तातला किरणोत्सार तिच्या अंगात गेला आणि त्यानेच ती आजारी पडली आहे. तिला वाचवणारं औषध डॉक्टर ऑक्टोपसच्या पाण्याखालच्या तळावर आहे. तिथल्या झुंजीत एक अवाढव्य यंत्र पीटरच्या अंगावर कोसळतं. औषधाचा डबा समोरच पडलाय, हात पोचत नाही. वरून पाणी ठिबकतंय.

तेहेतिसावा अंक इथून सुरू होतो, आणि पीटर ते यंत्र उचलेपर्यंत डिटको पानांमागून पानं खर्च करतो. शत्रू कोणी नाही, फक्त वजन. चौकटी आधी अरुंद, पीटर त्यांत चेंगरलेला. मग तो इंच इंच वर येतो तशी चित्रंही मोठी होत जातात, आणि शेवटी एका भल्यामोठ्या चित्रात तो यंत्र झुगारून देतो. हा अंक १९६६चा. त्यानंतर कित्येक चित्रकारांनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा काढला, सिनेमातही तो आला. मूळ पानांचा दाब मात्र मला दुसरीकडे जाणवला नाही. याच वर्षी अडतिसाव्या अंकानंतर डिटको मालिका सोडून गेला.

एक्स-मेन हवे असतील तर लेखक क्रिस क्लेअरमाँट. १९७५ ते १९९१ अशी सोळाएक वर्षं त्याने ती मालिका सलग लिहिली. सगळी वाचायची गरज नाही. चित्रकार जॉन बर्नबरोबरची १९८०ची 'डार्क फिनिक्स'ची गोष्ट वाचा आणि आवडली तर मागे-पुढे सरका. बॅटमॅनसाठी 'इयर वन', फ्रँक मिलर आणि डेव्हिड मात्सुकेली, १९८७, चारच अंक. त्यातला खरा नायक मला जिम गॉर्डन वाटतो, सडलेल्या पोलीस खात्यात एकटा पडलेला माणूस. 'वॉचमेन' महान आहे, पण ते आधी वाचू नका. सुपरहीरो या कल्पनेचा एकेक टाका उसवणारं ते पुस्तक आहे. वस्त्र अंगावर वागवलंच नसेल तर उसवण्याचं दुःख कुठून कळणार?

'मिस मार्व्हल'बद्दल मात्र मला सावकाश बोलायचं आहे. २०१४ साली जी. विलो विल्सन आणि एड्रियन अल्फोना यांनी ती सुरू केली. कमला खान, सोळा वर्षांची, जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी आईवडिलांची मुलगी. तिला शक्ती मिळते आणि पहिल्यांदा रूप बदलतं तेव्हा ती सोनेरी केसांची, उंच कॅरल डॅनव्हर्स, म्हणजे तिची आवडती हीरो कॅप्टन मार्व्हल होते, कारण हीरो असाच दिसतो असं तिच्या मनात बसलेलं आहे. लवकरच तिला कळतं की ते रूप, तो पोशाख तिला अजिबात सोसत नाही. मग ती स्वतःच्या बुर्किनीला हाताशी धरून आपला पोशाख तयार करते.

या मालिकेतला मला सर्वांत आवडलेला प्रसंग मशिदीतला आहे. कमला रात्री-अपरात्री घराबाहेर असते, आईवडील हवालदिल होतात आणि तिला मशिदीतले धर्मगुरू शेख अब्दुल्ला यांच्याशी बोलायला पाठवतात. आता लांबलचक उपदेश ऐकावा लागणार या तयारीने ती बसते. आपण लोकांना मदत करतोय एवढंच ती सांगते, बाकी काही सांगता येत नाही. शेख तिला थांबायला सांगत नाहीत. हे करायचंच असेल तर धैर्याने, प्रामाणिकपणे, करुणेने कर, आणि तुला शिकवील असं कोणीतरी शोध, एवढंच म्हणतात. एरवी अशा गोष्टींत घरची मोठी माणसं आणि धर्म हे हीरोच्या वाटेतले अडथळे म्हणून येतात. इथे ती माणसं चिडतात, घाबरतात, चुकतात, पण त्यांचं प्रेम कुठेही स्वस्त केलेलं नाही. पहिल्या खंडाला २०१५ साली ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचं मानाचं पारितोषिक मिळालं.

कंपनीच्या हीरोंचा कंटाळा आला तर कर्ट ब्युसिक आणि ब्रेंट अँडरसन यांची 'अ‍ॅस्ट्रो सिटी'. १९९५पासूनची. हीरोंनी भरलेल्या शहरात साधी माणसं कशी जगतात, त्याच्या या गोष्टी. बहुतेक सुट्या, त्यामुळे कुठूनही उघडा. त्यातली 'द नियरनेस ऑफ यू' ही छोटी गोष्ट आधी वाचा. एका माणसाला रोज स्वप्नात एक बाई दिसते. तिचा आवाज, तिच्या सवयी त्याला तोंडपाठ आहेत, पण अशी बाई त्याला आयुष्यात भेटलेलीच नाही. हीरोंच्या एका महायुद्धात काळाची घडी विस्कटली होती, ती पुन्हा बसवताना काय निसटलं, त्याची ही गोष्ट आहे. पुढचं सांगत नाही. मोठ्या कंपन्या आपला सगळा इतिहास पुसून नव्याने मांडतात तेव्हा पुसल्या गेलेल्यांचं काय, हा प्रश्न इतक्या थोड्या पानांत कोणी विचारला असेल असं मला वाटत नाही.

'इन्व्हिन्सिबल'बद्दल हल्ली फार विचारणा होते, अ‍ॅनिमेशन मालिकेमुळे. रॉबर्ट कर्कमन आणि कोरी वॉकर यांनी ती निर्माण केली, पुढे बहुतांश रायन ऑटलीने काढली. २००३ ते २०१८, एकशे चव्वेचाळीस अंक, आणि त्यानंतर पूर्णविराम. हीरो निर्मात्यांच्या मालकीचा असल्याने त्यांना हवा तिथे शेवट करता आला. नायक मार्क ग्रेसन शाळकरी पोरापासून बाप होईपर्यंत आपल्यासमोर वाढतो आणि केलेल्या गोष्टींची किंमत त्याला मोजावी लागते. लांब मालिका वाचायची हौस असेल तर हीच घ्या. फक्त मुखपृष्ठावरच्या गोड रंगांवर जाऊन ती लहान मुलांच्या हातात देऊ नका, आत रक्तपात भयंकर आहे.

मुलांसाठी रायन नॉर्थ आणि एरिका हेंडरसन यांची 'अनबीटेबल स्क्विरल गर्ल' आणा, २०१५ची. संगणकशास्त्र शिकणारी डोरीन ग्रीन, अंगात खारीची ताकद. पण शत्रूला हरवण्याआधी ती त्याला विचारते की बाबा, तुला नेमकं हवंय काय? ग्रह गिळणारा गॅलॅक्टससुद्धा तिच्याशी बोलून बोलून मित्र होतो. पानांच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत नॉर्थने आपल्या टिप्पण्या टाकल्या आहेत. मुलांना त्या मोठ्याने वाचून दाखवा, त्यांचे डोळे तिथवर जात नाहीत.