चर्च, हीटर आणि शंभरेक तारा

म्युनिकजवळच्या एका जुन्या चर्चमध्ये रेकॉर्डिंग होतं, मी साउंड असिस्टंट, म्हणजे केबल ओढणे, माइक लावणे आणि शांत बसणे. इटालियन संगीतकार विवाल्डीच्या 1724 च्या 'जुस्तिनो' ऑपेरातली ती एक आरिया, म्हणजे एकट्याने गायचं गाणं, होती, जिच्यात गाण्याच्या जोडीला साल्तेरिओ वाजतं. साल्तेरिओ म्हणजे थेट आपल्या संतूरच्या घराण्यातलं, चौकोनीसर लाकडी पेटी, एकेका सुराला तीन-चार तारा, दोन हलक्या काठ्यांनी वाजवतात, कधी नुसत्या बोटांनी छेडतात. मी वादक बाईंना सांगितलं की आमच्याकडे या काठ्यांना कलम म्हणतात, तर त्या जाम खूश, शिवकुमार शर्मांचं ऐकलंय म्हणाल्या.

सकाळचे टेक मस्त झाले. फेब्रुवारीतली थंडी, हीटरचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून रेकॉर्डिंग चालू असताना तो बंदच असतो, तर जेवणाच्या सुट्टीत मी काय केलं, लोक कुडकुडतायत म्हणून शहाणपणाने फुल्ल करून ठेवला, कुणाला विचारलं पण नाही.

परत येऊन बाईंनी पहिला सूर मारला आणि माझ्या पोटात गोळाच आला. एका सुराच्या चारही तारा चार दिशांना. ऊब लागली की तार सैल पडते, सूर उतरतो, आणि इथे तशा शंभरेक तारा. त्या काही बोलल्या नाहीत, किल्ली काढली आणि एकेक खुंटी पिळायला लागल्या, दोन तास! गायिका शाल पांघरून बसली, प्रोड्युसर माझ्याकडे बघतोय आणि मी जमिनीकडे.

मधेच बाई हसून म्हणाल्या, पांतालेओन हेबेनश्ट्राइट माहितीये का, तो जुना जर्मन वादक? त्याने याच जातीचं प्रचंड मोठं वाद्य बनवलं होतं, फ्रान्सच्या चौदाव्या लुईने त्या वाद्याला वादकाच्याच नावावरून पांतालेओं म्हणायला सांगितलं म्हणे, पुढे ड्रेस्डेनच्या दरबारात हेबेनश्ट्राइटला पगाराशिवाय तारांचे वेगळे पैसे मिळायचे. "मला तेपण मिळत नाहीत," एवढंच बोलून परत किल्ली.

संध्याकाळी सहाला लागलेला टेक मात्र सकाळच्यापेक्षा सरस होता, हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाहीये.

दुसऱ्या दिवशी हीटरच्या स्विचवर चिकटपट्टी लावली आणि मार्करने लिहिलं, हात लावायचा नाही. मराठीत. तिथे ते वाचणारा मी एकटाच होतो.