समुद्राच्या व्हिडिओत नजर कुठे जाईल, हे ओळखताना

रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेल्या मासेमारीचा व्हिडिओ घ्या. लाटा फुटताहेत, झावळ्या हलताहेत, पाण्यावर ऊन चमचमतंय आणि दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढताहेत. सगळ्यात जास्त हालचाल पाण्यात आहे, पण बघणाऱ्यांची नजर असते ओढणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर, हातांवर आणि काठाकडे सरकणाऱ्या जाळ्यावर. बघणाऱ्याची नजर फ्रेममध्ये कुठे पडेल याचा अंदाज बांधणारी संगणकीय मॉडेल्स कोकणातल्या चित्रणात इथेच फसतात.

इट्टी, कॉख आणि नीबर यांचं १९९८ चं मॉडेल रंग, उजेड आणि रेषांची दिशा पाहून आजूबाजूपेक्षा वेगळी जागा शोधायचं. पुढे व्हिडिओसाठी त्यात हालचाल आणि लुकलुक यांची भर पडली. समुद्रावर ही लुकलुकच घात करते, कारण उन्हाचा प्रत्येक ठिपका ‘वेगळा’ ठरतो. म्हणून हालचाल किती आहे यापेक्षा ती शेजारच्या हालचालीहून किती निराळी आहे, हे मोजावं. पाण्यात सगळीकडे सारखीच खळबळ असते, त्यामुळे तिचं वजन आपोआप उतरतं.

होडीतून केलेलं चित्रण असेल तर आधी कॅमेऱ्याचं डुलणं काढून टाकावं लागतं. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जातानाचा शॉट घेतला, तर खुणेचे बिंदू तटबंदीवर धरायचे, पाण्यावर अजिबात नाही. लाटा स्वतःच सरकत असल्याने त्या कॅमेऱ्याची दिशा चुकीची सांगतात. पाण्याचा भाग मास्क करा (झाकून टाका), होडीची कडा आणि पुढे बसलेले प्रवासीही वगळा, उरलेल्या बिंदूंवरून रॅन्सॅकने (न जुळणारे बिंदू बाजूला सारणारी पद्धत) फ्रेमचं सरकणं काढा आणि ते ऑप्टिकल फ्लोमधून, म्हणजे पिक्सेल कुठून कुठे सरकले याच्या मोजणीतून वजा करा.

आता प्रेक्षकांच्या नजरेच्या नोंदी, ज्यांवरून मॉडेल शिकतं. डोळ्याला अगदी स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम २ अंशांचा, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा असतो. म्हणून नजरेचा प्रत्येक बिंदू सुमारे १ अंशाच्या गॉसियनने (मध्ये गडद, कडेला विरळ होत जाणारा ठिपका) पसरवून नजरेचा नकाशा बनवतात. २४ इंची, १९२० पिक्सेल रुंद स्क्रीन ६० सेंमीवर असेल, तर १ अंश म्हणजे साधारण ३८ पिक्सेल. तोच व्हिडिओ ३० सेंमीवर आडव्या धरलेल्या, १४ सेंमी लांब पडद्याच्या फोनवर पाहिला, तर १ अंशात जवळपास ७२ पिक्सेल मावतात. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला की नकाशा बिघडलाच.

व्हिडिओ लहान करताना नजरेच्या बिंदूंचं चित्र इंटरपोलेशनने (शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढून) लहान करू नका. एकेका पिक्सेलचे बिंदू फिके होतात किंवा गायब होतात. बिंदूंच्या जागेचे (आडवे-उभे) आकडे गुणोत्तराने बदला आणि बिंदू नव्याने मांडा. आणखी एक गोष्ट कटची, म्हणजे एक दृश्य तोडून दुसरं सुरू होतं त्या जागेची. नवीन दृश्य आलं तरी डोळा हलायला सुमारे २०० मिलिसेकंद घेतो. ३० एफपीएसला (सेकंदाला ३० फ्रेम) हे ६ फ्रेम झाले, आणि तेवढ्या फ्रेमांमधली नजर मागच्या दृश्याचीच असते. प्रशिक्षणात त्या वगळाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रशिक्षण आणि चाचणी यांची वाटणी व्हिडिओनुसार करा, फ्रेमनुसार नको. शेजारच्या फ्रेम जवळजवळ सारख्याच असतात, त्यामुळे गुण फुकट मिळतात. गुणांच्या बाबतीत दुसरा फसवा मित्र म्हणजे मध्यभाग. चित्रण करणारा माणूस महत्त्वाची गोष्ट मधोमध ठेवतो, आणि बघणाराही मधूनच सुरुवात करतो. त्यामुळे प्रत्येक फ्रेमच्या मध्यावर नुसता एक ठिपका ठेवला तरी साध्या एयूसीत (नजरेच्या जागा इतर जागांपासून किती नीट वेगळ्या ओळखल्या, याचं माप) चांगले गुण पडतात. शफल्ड एयूसीत तुलनेसाठीचे चुकीचे बिंदू इतर व्हिडिओंतल्या नजरेतून घेतले जातात, म्हणून तिथे ही लबाडी चालत नाही. तो आकडा एनएसएसच्या (नजरेच्या जागी नकाशाची किंमत सरासरीपेक्षा किती वर आहे, याचं माप) बरोबरीने पाहावाच.

सगळं नीट केल्यावरही डॉल्फिनचा व्हिडिओ दमवतो. डॉल्फिन बुडी मारतो, आणि माणसं तो पुन्हा वर येईल त्या रिकाम्या पाण्याकडे टक लावून बसतात. त्या जागी चित्रात काहीच नसतं! २०१९ चं टॅसेड-नेट हे नजरेचा अंदाज बांधणारं मॉडेल एका वेळी ३२ फ्रेम पाहतं, म्हणजे ३० एफपीएसला सेकंदभरापेक्षा जरा जास्त. बुडी त्याहून लांबली की आधीचा डॉल्फिन मॉडेलच्या लेखी कधी नव्हताच. दर आठवी फ्रेम घेतली तर तेवढ्याच ३२ फ्रेमांत साडेआठ सेकंद मावतात, पण मग पाण्याबाहेर येणारी पाठ दोन फ्रेमांच्या मधेच निसटते. त्यामुळे दाट आणि विरळ अशा दोन्ही फ्रेम-माला वेगवेगळ्या शाखांना देऊन शेवटी नकाशे जोडणं, हीच वाट मला जास्त भरवशाची वाटते.